सही घेतली, पण सांगितले कोणाला?

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या आणि बचत गटांच्या प्रमुख यांच्यासाठी पुण्यात घेतलेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन.)

आज मी बोलणार आहे ती बोलण्याविषयीच. आपण दवाखान्यात भरती होतो तेव्हा आपल्याशी कोण बोलते, काय बोलते आणि कोण बोलायचे टाळते, हा आजचा विषय.

आधी एक विचारते. तुमच्यापैकी ज्यांचे सिझेरियन, नसबंदी, पिशवीचे किंवा दुसरे कुठलेही ऑपरेशन झाले आहे त्यांनी हात वर करा. निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आता ऑपरेशनच्या आधी ज्यांनी कागदावर स्वतः सही किंवा अंगठा केला, त्यांनीच हात वर ठेवा. बरेच हात खाली आले. आता त्या कागदावर काय लिहिले आहे हे ज्यांना कोणी वाचून दाखवले, समजावून सांगितले, त्यांचेच हात राहू द्या. बघा, तीन हात उरले.

खाली गेलेल्या हातांबद्दल मला बोलायचे आहे. त्यासाठी मी एका बाईची हकीकत सांगणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव बदलले आहे आणि रुग्णालयाचे नाव सांगणार नाही. आपण त्यांना कमलताई म्हणू.

कमलताई पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत राहतात. चार घरची धुणीभांडी करतात. त्या वेळी त्यांचे वय होते एकोणचाळीस. दोन-अडीच महिने अंगावरून लाल जात होते. थांबतच नव्हते. आपण बायका करतो तेच त्यांनी केले. घरगुती उपाय केले, गोळ्या आणून खाल्ल्या, काम चालू ठेवले. शेवटी एका घरी फरशी पुसताना चक्कर येऊन पडल्या, तेव्हा दवाखाना दिसला. रक्त तपासले तर सहावर आलेले. सोनोग्राफीत पिशवीत मोठी गाठ दिसली. त्याच दिवशी भरती करून घेतले. एकूण अकरा दिवस त्या तिथे होत्या.

दुसऱ्या दिवशी खालून एक तुकडा काढून तपासायला पाठवला. कशासाठी, ते सांगितले नाही. 'पाय वर घ्या, हलू नका' एवढेच शब्द. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राऊंड आला. खाटेभोवती सात-आठ जण उभे. सगळे बोलणे इंग्रजीत. कमलताई चौथी शिकलेल्या. त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द त्यांना कळला, 'कॅन्सर'. राऊंड पुढच्या खाटेवर गेला. कोणी त्यांच्याकडे पाहूनसुद्धा काही बोलले नाही. त्यांनी सिस्टरांना विचारले, तर उत्तर आले, "डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांना विचारायला धीर केला, तर, "नातेवाईक कोण आहेत? त्यांना भेटायला सांगा."

त्या दिवसापासून कमलताईंनी मनाशी धरून चालले की आपल्याला कॅन्सर झाला आहे. धाकट्या मुलाचे वय नऊ. रात्र-रात्र त्या जाग्या राहायच्या. कानातली फुले मुलीच्या लग्नाला ठेवायची की आत्ताच मोडायची, भिशीचे पैसे कोणाकडे आहेत ते घरात कोणाला माहीत आहे का, असले हिशेब करत त्या पडून असायच्या.

नंतर आम्ही कागदपत्रे पाहिली तेव्हा कळले की तुकड्याचा रिपोर्ट पाचव्या दिवशी आला होता. त्यात कॅन्सर नव्हता. रिपोर्ट फाइलला लावला गेला आणि फाइल सिस्टरांच्या टेबलावर, म्हणजे कमलताईंच्या खाटेपासून वीस पावलांवर होती. घरी जाईपर्यंत, आणखी सहा दिवस, ती बाई आपण मरणार आहोत असे समजून त्या खाटेवर होती.

सहाव्या दिवशी ऑपरेशन ठरले. रात्री बारापासून पाणीसुद्धा प्यायचे नाही असे सांगितले. सकाळ गेली, दुपार गेली. संध्याकाळी पाच वाजता मावशी चहा घेऊन आल्या, तेव्हा कळले की आज नंबर लागणार नाही. सातव्या दिवशी परत तेच. दोन दिवस उपाशी. कारण असेल, तातडीची दुसरी केस आली असेल, भूल देणारे डॉक्टर नसतील. पण 'आज होणार नाही, जेवून घ्या' हे सांगायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट कोणाचे काम आहे हेच त्या वॉर्डात ठरलेले नव्हते.

आणि आता सहीची गोष्ट. कमलताईंच्या नवऱ्याला बाहेर व्हरांड्यात बोलावले. 'पिशवी काढावी लागेल, सही करा.' त्यांनी सही केली. आत येऊन बायकोला काहीच सांगितले नाही. का, तर ती घाबरेल. वाईट हेतू नव्हता त्यांचा. मग कमलताईंचा अंगठा घेतला. त्यांना सही येते, पण कोणी विचारले नाही, शाईचा पॅड पुढे केला. कागद इंग्रजीत होता.

आठव्या दिवशी ऑपरेशन झाले. पिशवी काढली हे त्यांना कोणी सांगितले असेल? शेजारच्या खाटेवरच्या बाईने. "तुमची पण काढली ना?" असे म्हणाली ती. आणि पिशवीबरोबर दोन्ही बीजकोष, म्हणजे डॉक्टर ज्यांना ओव्हरी म्हणतात तेही काढले आहेत, हे कळले तीन महिन्यांनी. अंगातून वाफा निघायच्या, रात्री घाम फुटायचा, हाडे दुखायची, चिडचिड व्हायची. घरचे म्हणायचे, ऑपरेशननंतर हिला बाहेरचे काहीतरी लागले. शेवटी दहावीतल्या मुलीने डिस्चार्ज कार्ड हातात घेतले, शब्द एकेक करून शाळेतल्या बाईंना विचारले आणि मग आईला सांगितले.

कमलताई मला म्हणाल्या, "ताई, तिथं मला कुणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. पण मी तिथं नव्हतेच. माझं पोट तेवढं होतं."

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ऑपरेशन चुकीचे होते असे मी म्हणत नाही. रक्त सहावर आले होते, गाठ मोठी होती, कदाचित दुसरा मार्ग नसेल. डॉक्टरांचे हात कुशल होते, जखम चांगली भरली. तरीही त्या बाईचे नुकसान झाले, आणि ते फक्त मनाचे नाही. चाळिशीच्या आत दोन्ही बीजकोष काढले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा बाईला पुढे काय तपासायचे, हार्मोनची औषधे द्यायची की नाही, आहारात काय घ्यायचे हे सांगावेच लागते. काय काढले हेच जिला माहीत नाही, ती पुढच्या तपासणीला येणार कशी? म्हणून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. ते डॉक्टरांच्या स्वभावावर सोडून देण्यासारखे नाही.

आम्ही कमलताईंना घेऊन त्या रुग्णालयात गेलो. कागदपत्रे मागितली. एका डॉक्टरांनी वेळ दिला आणि कागदावर चित्र काढून सगळे समजावून सांगितले. वीस मिनिटे लागली. कमलताईंनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला, "हे तेव्हा का नाही सांगितलं?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं की."

हे उत्तर उद्धटपणाचे नव्हते. त्यांना खरेच वाटत होते की आपण सांगितले आहे. बाईच्या नवऱ्याला सांगितले म्हणजे बाईला सांगितले, असा हा हिशेब आहे. आपल्या घरात, रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडे जो चालतो तोच दवाखान्यातही चालतो. बाईच्या शरीराविषयी बोलायचे, पण बाईला ओलांडून.

कमलताई एकट्या नाहीत, आणि हे आजचेही नाही. आपल्या पुण्यातलीच एक घटना जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुली आणि स्त्रियांना ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढली. कारण दिले गेले ते पाळीच्या स्वच्छतेचे. या मुलींना पाळीत स्वतःची काळजी घेता येत नाही, असे सांगण्यात आले. स्त्री संघटना आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे लोक रस्त्यावर आले, तेव्हा पुढची ऑपरेशने थांबली. तोवर काही मुलींची झाली होती. त्या वेळी वाद झाला तो संस्था काय म्हणते, पालक काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणतात याचा. त्या मुलींना त्यांना कळेल अशा भाषेत काय सांगितले, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. बावीस वर्षांनी, २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या खुल्या आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल असा कोणताही वैद्यकीय उपचार करता येणार नाही.

दुसरे उदाहरण बीडचे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला तिथे 'कोयता' म्हणतात. बाई आजारी पडली, पाळीत दुखले, खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा बायकांची पिशवी काढण्याची ऑपरेशने बीड जिल्ह्यात फार होतात, अशी ओरड २०१९ साली झाली. शासनाने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. म्हणजे किती पट झाले ते तुम्हीच बघा.

यामागे मजुरीची, मुकादमाच्या उचलीची, खासगी दवाखान्यांच्या कमाईची कारणे आहेतच. पण मला आज त्यातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. त्या बायकांना काय सांगितले गेले? 'पिशवी खराब झाली आहे', 'पुढे कॅन्सर होईल', 'मुले झालीत ना, मग आता तिचा उपयोग काय?' म्हणजे इथे सांगितले गेले, पण अर्धे आणि भीती घालून. सूज असेल तर गोळ्यांनी बरी होऊ शकते, आधी तपासण्या करता येतात, थोडे थांबता येते, हे सांगितले गेले नाही. कमलताईंशी कोणी बोलले नाही आणि बीडच्या बायकांशी खोटे-अर्धे बोलले. दोन्हीकडे निर्णय बाईच्या हातून गेला तो माहितीच्या वाटेने.

आता कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा एक निकाल आपण सर्वजणींनी लक्षात ठेवावा असा आहे. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई. पोटात दुर्बीण घालून फक्त तपासणी करायची, यासाठी तिने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोष काढून टाकले. न्यायालयाने सांगितले की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या जागी तिच्या आईची संमती चालणार नाही. तिच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून ती जागी होईपर्यंत थांबायला हवे होते. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. डॉक्टरांचा हेतू बरा होता हे न्यायालयाने मान्य केले, तरी संमतीविना ऑपरेशन केले हे बेकायदा ठरवले.

त्याच निकालात डॉक्टरांनी काय सांगायला हवे तेही आहे. काय करणार, कशासाठी करणार, त्याचा फायदा काय, दुसरे उपाय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार घेतला नाही तर काय होईल. या सहा गोष्टी. आईच्या सहीने जे होत नाही, ते नवऱ्याच्या सहीने कसे होईल?

पण नियमांतही गोंधळ आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत. त्यात ऑपरेशनआधी लेखी संमती कोणाची घ्यायची, तर 'नवरा किंवा बायको, अल्पवयीन असल्यास पालक, किंवा स्वतः रुग्ण' अशा अर्थाची यादी आहे. क्रम बघा, रुग्ण सगळ्यांत शेवटी! वंध्यत्व येईल अशा ऑपरेशनला तर नवरा-बायको दोघांची संमती हवी असे त्यात म्हटले आहे. उलट केंद्र शासनाच्या २००६ च्या नसबंदीविषयक सूचना म्हणतात की नसबंदीला जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा तर सुरुवातीपासून सांगतो की सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. तरी आजही गर्भपातासाठी गेलेल्या बाईला 'नवऱ्याला घेऊन या' म्हणून परत पाठवतात, हे तुम्ही वस्तीत रोज पाहता. घाबरलेला डॉक्टर जास्तीत जास्त सह्या गोळा करतो. सह्या वाढतात, बोलणे मात्र वाढत नाही.

वेळेविषयीही न्यायालय बोलले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरानंतर तेरा बायका दगावल्या. नसबंदी शिबिरांबद्दलच्या एका याचिकेवर सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात म्हटले आहे की नसबंदीआधी सगळी माहिती बाईला किंवा पुरुषाला समजेल अशा भाषेत द्या, आणि नंतर सुमारे तासभर विचार करायला द्या, म्हणजे मन बदलले तर परत जाता येईल. स्ट्रेचरवर झोपवून पॅड पुढे करायचा, याला संमती म्हणता येणार नाही, हेच यातून निघते.

मग हे का घडते? डॉक्टर आणि सिस्टर दुष्ट असतात म्हणून? मी रुग्णालयांत काम केले आहे, मला तसे वाटत नाही. सरकारी ओपीडीत एका सकाळी एकेका डॉक्टरपुढे किती बायका असतात ते आपण पाहतो. निवासी डॉक्टर छत्तीस-छत्तीस तास जागे असतात. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. पण गर्दी हे पूर्ण कारण नाही. खासगी रुग्णालयात गर्दी कमी आणि पैसे जास्त, तिथेही हेच घडते. राऊंडला आठ जण उभे राहतात, तेव्हा वेळ नसतो असे म्हणता येत नाही. प्रश्न असतो तो कोणाशी बोलायचे याचा.

भाषेकडेही बघा. चांगली साडी नेसून, पर्स घेऊन गेलेल्या बाईला 'तुम्ही, मॅडम' म्हणतात. वस्तीतून गेलेल्या बाईला 'ए, सरक तिकडे', 'तुला सांगितलेलं कळत नाही का?' असे म्हणतात. बाळंतपणाच्या खोलीत तर काय काय ऐकावे लागते, ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सांगितले की सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी बाईबरोबर घरातली एक बाई थांबू शकते. २०१७ च्या शेवटी प्रसूतिगृहे सुधारण्याचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यात सन्मानाने वागवणे हा मुद्दा आहे. २०१९ पासून डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे हे शिकवायला सुरुवात झाली. या चांगल्या गोष्टी आहेत. पण विद्यार्थी वर्गात एक शिकतो आणि वॉर्डात मोठ्या डॉक्टरांचे पाहून दुसरेच शिकतो.

आणि जे समाजसेवक रुग्णालयात असतात, त्यांचे काय? आपल्या देशात रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमण्याची सुरुवात १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. रुग्णाच्या आजारामागे त्याचे घर, काम, भीती असते आणि ती समजून घेणारे कोणी हवे, हा विचार त्यामागे होता. आज बहुतेक ठिकाणी समाजसेवकाच्या टेबलासमोर रांग असते ती बिल कमी करायची, योजनेची कागदपत्रे जुळवायची. तेही काम गरजेचे आहे. पण रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधला दुवा हे मूळ काम मागे पडले आहे. ते आमच्या व्यवसायाने परत मागून घ्यायला हवे.

आता आपण काय करू शकतो ते सांगते. लिहून घ्या.

पहिली गोष्ट. भरती होणाऱ्या बाईबरोबर एकीने जायचे आणि डॉक्टरांना सांगायचे, 'जे सांगायचे ते हिच्यासमोर सांगा, हिला सांगा.' नातेवाईक असू देत, पण व्हरांड्यात नको, खाटेजवळ. घरच्या माणसांनाही आधीच समजावायचे की न सांगितल्याने भीती कमी होत नाही. कमलताईंच्या नवऱ्याने 'पिशवी काढणार आहेत' एवढे जरी सांगितले असते, तरी त्यांना विचारायला तोंड फुटले असते.

दुसरी गोष्ट. सही करण्याआधी सहा प्रश्न. मला काय झाले आहे? तुम्ही काय करणार, काय काढणार? दुसरा उपाय आहे का? धोका काय? नाही केले तर काय होईल? नंतर मला काय त्रास होईल आणि कोणती काळजी घ्यायची? हे प्रश्न पाठ करून घ्या. पिशवीच्या ऑपरेशनला तर आणखी एक विचाराच, 'बीजकोष ठेवणार की काढणार?' तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवा म्हणा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही.

तिसरी गोष्ट. तुकडा तपासायला दिला, रक्त दिले, की रिपोर्ट कधी येणार ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी मागा. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड तिथेच समजावून घ्या. काय काढले, काय ठेवले, परत कधी यायचे. नंतर कागदपत्रे हवी असतील तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांच्या त्याच २००२ च्या नियमांत लिहिले आहे की मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला कागदपत्रे द्यायची.

चौथी गोष्ट. रुग्णहक्कांची सनद. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये सतरा हक्कांची सनद तयार केली. माहितीचा हक्क, कागदपत्रांचा हक्क, संमतीचा हक्क, पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क, हे सगळे त्यात आहे. महाराष्ट्रात जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले गेले. त्यानुसार प्रत्येक खासगी रुग्णालयात सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावायचे आहे, आणि तक्रार निवारणाची व्यवस्था स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांनी करायची आहे. पुणे शहरात ही जबाबदारी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे येते. तक्रार तोंडी नको. तारीख, वार, खाट नंबर, कोण काय म्हणाले हे लिहून, पोच घेऊन द्या.

रुग्णालयांकडेही आपले मागणे आहे आणि ते अवास्तव नाही. प्रत्येक रुग्णाला एक डॉक्टर किंवा एक सिस्टर नावानिशी ठरवून द्या, जिला विचारता येईल. राऊंड संपला की त्यातल्या एकाने खाटेजवळ थांबून दोन वाक्ये मराठीत किंवा त्या बाईच्या भाषेत सांगा. संमतीपत्र मराठीत करा आणि आदल्या दिवशी द्या. ऑपरेशन पुढे गेले तर उपाशी माणसाला लगेच सांगा. रिपोर्ट आला की तो आधी रुग्णाला कळवा. आणि सगळ्यांना 'तुम्ही' म्हणा. यांतल्या एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही.

काही जणी म्हणतील, एवढे प्रश्न विचारले तर डॉक्टर चिडतील, आपल्या बाईकडे दुर्लक्ष करतील. ही भीती खरी आहे. एकटी बाई विचारते तेव्हा ती 'भांडकुदळ' ठरते. म्हणूनच गटाने जायचे, आणि भांडायला जायचे नाही, विचारायला जायचे. आमचा अनुभव असा की तीन-चार वेळा नीट विचारणाऱ्या बायका आल्या की त्या वॉर्डातल्या सिस्टर स्वतःहून सांगू लागतात. त्यांनाही ते बरे वाटते.

कमलताई सध्या काय करतात, असे मघाशी चहाच्या वेळी एकीने विचारले. त्यांची औषधे चालू आहेत, चारऐवजी तीन घरची कामे करतात. आणि वस्तीतली कोणी भरती होणार असेल तर तिच्याबरोबर जातात. त्यांच्या मुलीने ते सहा प्रश्न मोठ्या अक्षरांत वहीच्या पानावर लिहून दिले आहेत, ते पान त्या पिशवीत बाळगतात.

आता एक काम ठरवून घेऊ. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीजवळची पाच रुग्णालये पाहायची. सनद लावली आहे का, मराठीत आहे का, बाईच्या नजरेला पडेल अशी आहे का, संमतीपत्र कोणत्या भाषेत आहे, तक्रार कोणाकडे करायची हे तिथे लिहिले आहे का, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरे लिहून आणायची. पुढच्या बैठकीत ती एकत्र करू आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना शिष्टमंडळाने जाऊन देऊ. कोणत्या गटाने कोणती रुग्णालये घ्यायची, त्याची यादी दारापाशी लावली आहे. जाण्याआधी आपापली नावे घालून जा.